विद्येच्या पानाचं झाड

फोन खिशातच राहू द्या. इथे त्याला रेंज नाही, आणि बाहेर काढलात तर गल्लीतली सगळी पोरं भोवती जमतील. आज ९ डिसेंबर १९७९, रविवार, दुपारचे तीन वाजायला आलेत. राजकुमार मिलच्या पुलाकडून चालत तुम्ही स्नेहलतागंजात शिरला आहात. ऊन छान आहे, पण सावलीत पाऊल टाकलं की माळव्याची थंडी कानांना झोंबते. स्वेटर आणायला हवा होता.

रस्त्याच्या कडेला पिंजारी बसलाय. जुन्या रजईतला कापूस त्याने बाहेर काढलाय आणि धुनकीचा टणत्कार अख्ख्या गल्लीत घुमतोय. उडणाऱ्या पुंजक्यांमागे आठेक वर्षांचा एक मुलगा पिशवी घेऊन धावतोय. पिंजारी ओरडतो, हसतो, परत धुनकी हाणतो. या मुलाच्या मागोमाग जा. त्याला बर्फ हवा आहे.

जाता जाता भिंती बघून घ्या. लोकसभेची निवडणूक जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे, त्यामुळे जिथे चुना लावलेला दिसला तिथे पंजा नाहीतर दुसरं कुठलं तरी चिन्ह उमटलं आहे. ओट्याओट्यांवर बोलणं चाललंय ते पाऊस कमी पडल्याचं, रॉकेलच्या रांगेचं, साखरेच्या भावाचं. पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे : इंदूरची जागा प्रकाशचंद्र सेठी जिंकणार, आणि दिल्लीत इंदिराबाई परत येणार. पण कुणी विचारलंच तर ‘बघू या’ म्हणा.

मुलगा एका फाटकातून आत पळाला. तुम्हीही जा. दगडी जोतं, पुढे ओटा, आत रंगीत टाइल्सची जमीन. सतरंजीवर कागदांचा पसारा आहे आणि त्याच्या मधोमध दहावीतली ताई मांडी घालून बसली आहे. कोपऱ्यात नाना ट्रान्झिस्टरला कान लावून आहेत. दिल्लीला पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीचा आज शेवटचा दिवस. जिंकायला ३९० हवेत आणि वेंगसरकर टिच्चून उभा आहे. हाही निकाल पोटातच ठेवा. सामना अनिर्णित राहील, ६ बाद ३६४ वर, आणि वेंगसरकर १४६ वर नाबाद परतेल. पण आत्ता या खोलीत भारत जिंकू शकतो. नानांचा तो आनंद हिरावून घेऊ नका.

‘‘या नं, बसा. कुणाकडचे तुम्ही?’’ आजी विचारते. इंदूरच्या मराठी घरात पाहुण्याला आधी बसवतात आणि मग चौकशी करतात. ‘पुण्याचे’ असं सांगून टाका. पुण्याच्या माणसाच्या विचित्रपणाकडे इथे थोडं दुर्लक्ष केलं जातं.

‘‘बसलेच आहात तर ती कैंची द्या इकडे,’’ ताई म्हणते. बघता बघता तुम्ही कामाला लागला.

ही नाताळची कार्डं आहेत. कालनिर्णयाखाली शंकराची तसबीर असलेल्या घरात नाताळची कार्डं कशाला, हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर दिसला म्हणून आजीच सांगते. दोन घरं सोडून केरळातल्या एक सिस्टर राहतात, मोठ्या इस्पितळात नर्स आहेत. पावसाळ्यात आजीला न्यूमोनिया झाला तेव्हा त्या रोज ड्यूटीवर जाण्याआधी येऊन इंजेक्शन देऊन जायच्या. पैसे काढले तर हात जोडायच्या. दिवाळीला आईने फराळाचं ताट पाठवलं. आता ताट रिकामं परत करायचं नाही ही रीत सिस्टरनीही शिकून घेतली आहे, त्यामुळे ताट आलं ते केळ्याचे वेफर भरून. म्हणजे हिशेब पुन्हा होता तिथेच.

आणि आपल्या माणसांत आभार मानायचा संकोच किती! शेजारणीला ‘धन्यवाद’ म्हटलं तर तिलाच परकं वाटायचं. सभेत आभारप्रदर्शन होतं, घरात होत नाही. आजीच्या मनात पावसाळ्यापासून जे अडकून राहिलं आहे त्याला वाट हवी होती. ती ताईच्या कॉन्व्हेंटने दिली. रेसिडेन्सीकडच्या त्या शाळेत डिसेंबर लागला की मुलींकडून कार्डं करून घेतात. ताईने एक दिवस घरी येऊन सांगितलं, सिस्टरना आपण कार्ड देऊ. आजीला ते लगेच पटलं. दुसऱ्याच्या सणाला, दुसऱ्याच्या रीतीने, कागदावर लिहून दिलेलं चालतं. त्यात लाजायचं कारण नाही.

विकतचं कार्ड का नाही, असं मात्र विचारू नका. विकतच्या कार्डाला पैसे पडतात. हातकामाचं कौतुक पुढे, आपल्या काळात, लोकांना पुष्कळ सुचणार आहे. इथे मुद्दा काटकसरीचा आहे आणि त्याची कुणाला लाजही वाटत नाही.

आता हात चालवा. कागद खजुरी बाजारातला, जाड ड्रॉइंग शीट. सरळ घडी घालायला गेलात आणि ताईने तुमचा हात धरला. कागद आधी दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचा. ज्या बाजूला सहज वाकतो, घडी त्या बाजूने. मग फुटपट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढायची आणि त्या रेघेवर कागद दुमडायचा. घडीवरून लाटणं फिरवायचं. असं केलं नाही तर जाड कागद घडीवर तडकतो आणि कार्ड जन्मतःच जुनं दिसतं.

पाकिटं आधीच तयार आहेत. एक जुनं पाकीट जोडावर उकलून सपाट केलं, तो साचा. त्याबरहुकूम गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं कापली, छापलेली बाजू आत. कार्ड आधी करून मग त्याच्या मापाचं पाकीट करणं हा नवशिक्याचा धंदा. इथे पाकीट आधी आणि कार्ड त्याहून दोन सूत लहान.

स्वयंपाकघरात आई मैद्याची खळ शिजवते आहे. पांढरं पाणी पातेल्यात हळूहळू काचेसारखं होत जातं. उतरवताना तिने चिमूटभर मोरचूद टाकला, म्हणजे कागदाला कसर लागत नाही. ‘‘बोट घालू नकोस रे, विष आहे ते,’’ असं ती धाकट्याला, मघाच्या त्या पिशवीवाल्या मुलाला, प्रत्येक वेळी सांगते आणि तो प्रत्येक वेळी बोट पातेल्याच्या काठापर्यंत नेतो.

आता खरी गंमत. ताई जीवशास्त्राचं जाड पुस्तक उघडते आणि त्यातून विद्येचं पान काढते. शाळेच्या कुंपणाला असलेल्या मोरपंखीचं ते पान तुम्हीही कधी तरी वहीत ठेवलं असेल, विद्या येते म्हणून. पंख्यासारखं चपटं, सुकलं तरी हिरवं. ते कार्डावर देठ खाली करून ठेवा आणि जरा लांबून बघा. नाताळचं झाड! इंदुरात फरचं झाड कुणी पाहिलेलं नाही, इंग्रजी पुस्तकातली चित्रं तेवढी पाहिली आहेत, आणि हे पान मात्र पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या वह्यांत पडून होतं.

पान दोन टाचण्यांनी रोवा. बशीत कॅमलचा निळा पोस्टर कलर घट्टच कालवा. जुना टूथब्रश त्यात बुडवून जादा रंग झटका, मग ब्रश कंगव्यावर घासा. बारीक तुषार उडतात. पहिल्यांदा ते कार्डावर कमी आणि तुमच्या शर्टावर जास्त पडतील. ब्रश जितका कोरडा तितका तुषार बारीक. रंग वाळला की पान अलगद उचला : निळ्या धुक्यात पांढरंशुभ्र झाड, बर्फाने झाकलेलं. धाकटा त्याच्या पायाशी खळीचं बोट फिरवतो आणि पिंजाऱ्याकडचा कापूस दाबतो. कापसाच्या गिरण्यांवर वाढलेल्या या शहरात दुसऱ्या कशाचा बर्फ पडणार?

चांदणी बटाट्याची. नवा बटाटा अर्धा कापून त्यावर पाच टोकांची चांदणी कोरली आहे. कापल्याबरोबर रंगात बुडवायचा नाही. फडक्याने चीक पुसून घ्यायचा, नाहीतर पिवळा रंग पसरतो आणि बेथलेहेमच्या ताऱ्याचा झेंडू होतो. सोनेरी काठासाठी नाना मिलच्या कचेरीतून लेबलं आणतात, कापडाच्या ताग्यावर लावायची, चमचमणारी. भाद्रपदात पोरी भिंतीवर शेणाने संजा मांडतात, तिच्या किलाकोटावर लावून उरलेल्या पन्न्याही डब्यात आहेत. सगळ्याच कार्डांना सोनं पुरणार नाही. सिस्टरच्या कार्डाला मात्र चारही बाजूंनी.

हे असं टाकाऊतून काढणं इंदुराला नवं नाही. याच शहरात विष्णू चिंचाळकर आहेत, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. देवळालीकरांच्या चित्रकलेच्या शाळेत शिकलेला हा चित्रकार. त्याच शाळेतून बेंद्रे आणि हुसेन पुढे मुंबईला आणि जगात गेले. गुरुजी इंदुरात राहिले. रीतसर चित्रकला चांगली येत असताना ते वाळक्या फांद्या, पानं, साली, फुटक्या वस्तू यांच्याकडे वळले. वस्तूची मोडतोड करायची नाही, ती काय दिसते आहे तेवढं ओळखायचं, ही त्यांची रीत. गायक कुमार गंधर्व, संपादक राहुल बारपुते, नाट्यकर्मी बाबा डिके आणि गुरुजी यांची मैत्री माळव्यात सगळ्यांना माहीत आहे. हुसेनच्या नावाने लिलाव होतात, गुरुजींच्या नावाने होत नाहीत. पण इंदूरच्या घराघरातलं पोर वाळक्या काटकीत हरीण शोधतं, त्याचं देणं मी तरी गुरुजींच्या खात्यावर मांडीन. विद्येच्या पानात झाड दिसणं हे त्याच घराण्याचं.

ट्रान्झिस्टर शांत झालाय. सामना सुटला. नाना काही न बोलता उठतात आणि चहा मागतात. आई चहाबरोबर गराडूचा कंद तळून आणते, वर जिरावन मसाला भुरभुरवलेला. गरमच खा. पुण्यात हे मिळत नाही.

आणि तेवढ्यात लाइट जाते.

कंदील येतो, कामं थांबतात, आजी सुरू होते. ती सात-आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. शहरात प्लेगची धास्ती कायमची. होळकर सरकारने गेडिस नावाचा एक स्कॉटिश साहेब शहर सुधारायला बोलावला होता. पॅट्रिक गेडिस. त्याचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा. नगररचना शिकणारे आजही तो उघडतात. आजीला अहवाल माहीत नाही, तिला त्याची दिवाळी माहीत आहे. साहेबाने महाराजांकडून एका दिवाळीची मिरवणूक मागून घेतली आणि दवंडी पिटवली, की जी आळी सर्वांत स्वच्छ, तिथूनच मिरवणूक जाईल. मग काय विचारता! घरोघरी उंदरांची बिळं बुजली, भिंतींना चुना लागला, गाड्या भरभरून कचरा गावाबाहेर गेला. मिरवणुकीत हत्ती होते, घोडे होते, आणि प्लेगचा एक भला थोरला उंदीर होता. ‘‘एवढा!’’ आजी हात पसरते आणि कंदिलाच्या उजेडात तिची सावली भिंतभर होते. ‘‘आणि झाडूवाले पांढरेशुभ्र कपडे घालून, गळ्यात हार घालून चालले होते. माझ्या वडिलांनी त्यांना नमस्कार केला. तसं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.’’

तुम्ही बसला आहात ते हे गंज होळकरांच्या राजकन्येच्या, स्नेहलताराजेंच्या नावाचं. पलीकडचं मनोरमागंजही तसंच राजकन्येच्या नावाने. पण आजीची गोष्ट ऐकताना माझं लक्ष दुसरीकडेच जातं. स्कॉटलंडच्या माणसाला इंदूरच्या लोकांना जे सांगायचं होतं ते सांगायला त्याने त्यांचीच दिवाळी उसनी घेतली. साठेक वर्षांनी इंदूरच्या म्हातारीला जे सांगायचं आहे त्यासाठी ती नाताळ उसना घेते आहे. सण असे एकमेकांना उसने देता येतात, आणि दिल्याने ते झिजत नाहीत, असं माझं मत आहे. ज्यांना ते झिजतात असं वाटतं त्यांनी या खोलीत येऊन थोडा वेळ बसावं.

नाताळ इंदुराला तसा परका नाहीच. रेसिडेन्सीकडचं व्हाइट चर्च सत्तावनच्या बंडानंतर लगेच उभं राहिलं. कॅनडाचे मिशनरी १८७७ मध्ये आले आणि दहा वर्षांत त्यांनी ख्रिश्चन कॉलेज काढलं, किशोरकुमार शिकला ते. सिस्टर कॅथलिक, त्या २४ च्या मध्यरात्री रेड चर्चला जातील. त्याआधी, संध्याकाळी, कार्ड त्यांच्या हातात पडायला हवं.

लाइट येईपर्यंत ताई शाळेत ऐकलेलं सांगते. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष, त्यामुळे युनिसेफचं नाव शाळेत सारखं निघतं. युनिसेफचं पहिलं कार्ड १९४९ चं, चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या यित्का नावाच्या मुलीने काढलेलं. युद्धानंतर तिच्या गावात युनिसेफची मदत आली, आणि तिने आभारासाठी चित्र काढलं. कागद नव्हता म्हणून काचेवर. ‘‘म्हणजे तिनेही सिस्टरलाच दिलं,’’ धाकटा म्हणतो, आणि ते बरोबर आहे.

ताईला मी एक गोष्ट सांगितली नसती. पहिलं छापील नाताळकार्ड लंडनमध्ये १८४३ साली निघालं ते सोयीसाठी. हेन्री कोल हा भलताच कामात बुडालेला माणूस. पेनी पोस्ट सुरू होऊन तीन वर्षं झाली होती, टपाल स्वस्त झालं होतं आणि उत्तरं न लिहिलेल्या पत्रांचा ढीग साचला होता. त्याने जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र करून घेतलं, हजार प्रती छापल्या, उरलेल्या शिलिंगाला एक अशा विकायला काढल्या. चित्रात कुटुंब वाइन पितंय, एक लहान मूलही पितंय, दारूबंदीवाले चिडले. थोडक्यात, पत्र लिहायला नको म्हणून कार्ड जन्माला आलं. घरी बसून केलेलं कार्ड हे त्या सोयीचं उलटं टोक. चार ओळींचं पत्र दहा मिनिटांत झालं असतं. इथे एका घडीला, एका पानाला, एका चांदणीला अख्खी दुपार गेली आहे.

लाइट आली. आता मजकूर. ताई झोकात इंग्रजी शुभेच्छा लिहिते, शाळेत शिकवलेल्या वळणदार अक्षरात. मग आजी म्हणते, खाली माझं एक वाक्य घाल. देवनागरीत. सिस्टर हिंदी वाचतात, कळेल त्यांना. सगळे थांबतात. आजी चष्मा पुसते, विचार करते, आणि सांगते : ‘‘तुमच्या हाताला गुण आहे.’’

आपल्याकडे वैद्याला याहून मोठी पावती नाही. ताई ‘थँक यू’ जोडू का विचारते. ‘‘झालं की त्यातच,’’ आजी म्हणते आणि गराडूची बशी पुढे ओढते.

बाकीची कार्डं टपालाने जातील. ती बुक पोस्टने पाठवायची तर पाकिटाचं तोंड चिकटवायचं नाही, नुसतं आत खोचायचं, आणि आत पत्र लिहायचं नाही. पोस्टकार्ड आत्ता १५ पैशांना आहे, तरी नाना बुक पोस्टचा हिशेब मांडून बसतात. पत्त्याखाली पिनकोडाचे सहा आकडे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासूनची आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी. नाना आकडे ठळक काढतात. उरलेला कागद ताई छोट्या चौकोनांत कापून डब्यात ठेवते. ते संक्रांतीला, ‘तिळगूळ घ्या’ लिहून, आत हलव्याचे चार दाणे घालून पुण्याच्या मामाकडे जातील. तेव्हा हाच बटाट्याचा ठसा पतंगाचा असेल.

तुम्ही निघा आता. कार्डं रात्रभर ट्रंकेखाली दाबून ठेवायची आहेत आणि तुम्ही नेमके ट्रंकेवरच बसला आहात. फाटकापाशी आजी ‘परत या’ म्हणेल. हो म्हणा.

आणि आपल्या डिसेंबरात परत आल्यावर एवढं करा. गेल्या वर्षभरात तुमच्यासाठी कुणी तरी काही तरी केलं असेल, ज्याचे पैसे त्याने घेतले नसतील : सोसायटीचा वॉचमन, फिजिओथेरपीवाली मुलगी, वरच्या मजल्यावरचे काका. त्यांच्यासाठी एक कार्ड करा; ते ख्रिस्ती असायची अट नाही. मोरपंखीचं पान मात्र आजच तोडून जाड पुस्तकात ठेवा. ओल्या पानाखाली रंग ओघळतो, आणि ते नीट सुकायला पंधरवडा तरी लागतो.